आर८०/७ च्या मागच्या ड्राइव्हचं ऑइल: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४

गाडी बीएमडब्ल्यू आर८०/७, १९७८ ची. इंजिन आणि कार्ब्युरेटरची कामं उरकली, आता मागच्या चाकाकडे वळलोय. आधीच्या मालकाने फायनल ड्राइव्हमधलं (मागच्या चाकाला ताकद देणाऱ्या गिअरच्या पेटीतलं) ऑइल शेवटचं कधी बदललं याची कुठेच नोंद नाही. त्यामुळे ‘बदललेलंच नाही’ असं धरून चालणार आहे.

कामाला हात घालण्याआधी रचना लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे आकडे हिच्यावर उभे आहेत. या गाडीला चेन नाही. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या सांगाड्याच्या) उजव्या नळीतून मागे जातो आणि क्राउन-पिनियनच्या (एकमेकांत बसणाऱ्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या) हाउसिंगला मिळतो. पिनियनला १० दात, क्राउनला ३२, म्हणजे रेशो ३.२०. ऑइलच्या जागा दोन आहेत आणि दोन्ही वेगळ्या: हाउसिंगमध्ये २५० मिली, शाफ्टच्या नळीत १५० मिली. दोघांच्या मध्ये पिनियनवरचं एक सील (ऑइल अडवणारी रबरी कडी), बस. गिअरबॉक्सचं ऑइल तिसरं, त्याचा इथे संबंध नाही.

२५० मिली म्हणजे मोठ्या पेल्याएवढंही नाही. इंजिनाची सगळी ताकद ९० अंशात वळून चाकाला मिळते ती एवढ्याशा ऑइलच्या भरवशावर. बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर (दोन बाजूंना आडव्या सिलिंडरांच्या) गाड्या १९२३ च्या आर३२ पासून शाफ्टच वापरत आल्या आहेत आणि हे ड्राइव्ह नीट सांभाळलं तर गाडीच्या आयुष्याला पुरतं, हे खरं. पण चेन सैल पडली, गंजली की नजरेला दिसते. इथे सगळं बंद हाउसिंगच्या आत. आत काय चाललंय हे कळायचा एकच मार्ग, तो म्हणजे बाहेर आलेलं ऑइल. म्हणून या वेळी नुसतं काढायचं आणि ओतायचं नाही. काढलेलं ऑइल मोजायचं, उजेडात धरून पाहायचं, चुंबक पुसून पाहायचा, असं ठरवलंय.

६ ऑक्टोबर

अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणली. हाउसिंगला तळहात लावला तर जेमतेम सहन होईल इतकं गरम. गार ऑइल सोडलं की तळाचा गाळ तळालाच राहतो. गरम ऑइल त्याला सोबत घेऊन येतं.

गाडी सेंटर स्टँडवर, जमीन सपाट. साइड स्टँडवर असली मोजमापं करू नयेत. हाउसिंग तिरकं झालं की पातळीला काही अर्थ राहत नाही.

कोणत्याही गिअरबॉक्सला किंवा ड्राइव्हला लागू पडणारा नियम: भरायचा बोल्ट आधी सोडवायचा, खालचा ड्रेन बोल्ट नंतर. वरचा बोल्ट अडकलाय हे खालून ऑइल सांडल्यावर कळलं तर गाडी तिथेच बसते. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये वर्षानुवर्षं बसलेला बोल्ट सहज सुटेलच असं नाही.

वरचा बोल्ट सुटला. शेवटच्या आट्यातून बाहेर येतानाच मागून ऑइलची धार लागली. खाली भांडं ठेवलेलं होतं म्हणून सगळं हाती आलं. या ड्राइव्हची योग्य पातळी म्हणजे भरायच्या भोकाची खालची कड. ऑइल तिथवर हवं, तिच्या वर नको. इथे ते कडेच्या बऱ्यापैकी वर होतं.

धारेतून आलेलं वेगळं मोजलं: ५० मिली. मग ड्रेन बोल्ट काढून ऑइल पूर्ण निथळू दिलं: २४६ मिली. हाउसिंगमधून एकूण २९६.

त्यानंतर शाफ्टची नळी. तिला पातळी पाहायची सोयच नाही, मोजून ओतायचं एवढंच. बाहेर आलं ९२ मिली, हवं होतं १५०.

७ ऑक्टोबर

रात्रभर दोन्ही भोकं उघडी ठेवून, खाली भांडी लावून ठेवली होती. आणखी दोन-चार थेंब आले, आकड्यात फरक पडण्यासारखं काही नाही.

आता बेरीज. २९६ आणि ९२ मिळून ३८८. दोन्हीकडे बरोबर भरलं असतं तर ४०० असायला हवं होतं. १० ते १५ मिली भिंतींना चिकटून राहतं असं धरलं तर एकूण ऑइल जवळजवळ पुरं आहे. गेलेलं कुठेच नाही, फक्त इकडचं तिकडे झालंय.

याचे दोनच अर्थ निघतात. एक, आधी ज्याने भरलं त्याने हाउसिंगमध्ये जास्त आणि नळीत कमी ओतलं. दोन, पिनियनचं सील नळीतलं ऑइल हळूहळू हाउसिंगमध्ये सोडतंय. नुसत्या बेरजेवरून यातलं कुठलं खरं हे सांगता येत नाही. पण बाहेर थेंब नाही, जमिनीवर डाग नाही म्हणून ‘गळती नाही, सगळं ठीक’ असा समज किती सहज झाला असता! दोन्ही ऑइल एकाच भांड्यात सोडली असती तर हे कधीच कळलं नसतं.

ऑइलचा रंग गडद तपकिरी, पण उजेडात आरपार दिसणारा. दुधाळपणा अजिबात नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. जळका वास नाही. गिअर ऑइलचा तो गंधकाचा उग्र दर्प तेवढा आहे.

ड्रेन बोल्टच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर राखाडी लेप होता. बोटावर घेऊन अंगठ्याने चोळला, तर शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा मऊ, कुठेही टोचत नाही. दात एकमेकांवर घासून होणारी ही नेहमीची झीज, एवढी असणारच. चिंता करायची ती कीस किंवा पापुद्रे आले तर. बेअरिंगच्या कड्या उखडू लागल्या की चमकणारे चपटे तुकडे येतात, दाताचा टवका उडाला तर तो नखाला लागतो. मग ऑइल कुठलं घालायचं हा प्रश्नच उरत नाही, ड्राइव्ह उघडावंच लागतं. इथे तसलं काही नाही. लेप पांढऱ्या फडक्यावर पुसून, उन्हात आडवं-तिडवं फिरवून पाहिलं, एकही चमक दिसली नाही. फार बरं वाटलं.

८ ऑक्टोबर

मागचं चाक काढलं. हाउसिंगमध्ये ऑइल जास्त झालं की ते चाकाच्या बाजूच्या मोठ्या सीलवरून ब्रेक ड्रममध्ये उतरू शकतं. या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे आणि लायनरनी एकदा गिअर ऑइल प्यायलं की ते धुऊन निघत नाही. ड्रम कोरडा निघाला, आत फक्त ब्रेकची धूळ. सीलच्या कडेला अगदी पुसट ओल आहे, ती पुसून ठेवली; पुढच्या वेळी पाहायची.

चाक काढलंच होतं म्हणून चाकाकडच्या स्प्लाइनवरचं (चाक आणि ड्राइव्ह जोडणाऱ्या दातांवरचं) जुनं वाळलेलं ग्रीस खरवडून मोलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट पातळशी लावली. स्प्लाइनपर्यंत हाउसिंगमधलं ऑइल पोचत नाही, त्यामुळे ऑइल कितीही चांगलं घातलं तरी त्यांना वेगळी पेस्ट लागतेच. दात अजून रुंद आहेत, टोकदार झालेले नाहीत.

१२ ऑक्टोबर

ऑइल निवडायचं काम. दोन संध्याकाळी डेटाशीट वाचण्यात गेल्या, आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही.

गाडीच्या पुस्तकात हायपॉइड (दाबाखाली घसरणाऱ्या दातांसाठीचं) गिअर ऑइल, जीएल-५ लिहिलंय: ५ अंश सेल्सिअसच्या वर एसएई ९०, त्याखाली एसएई ८०. आजच्या ८०डब्ल्यू-९० मध्ये दोन्ही येतात.

आधी जाडीचा गोंधळ मिटवतो. गिअर ऑइलचा ९० आणि इंजिन ऑइलचा ५० हे एका मापाचे आकडे नाहीत. गिअर ऑइलचे आकडे एसएई जे३०६ या मानकातून येतात, इंजिन ऑइलचे वेगळ्या मानकातून. १०० अंशांना एसएई ९० गिअर ऑइलची व्हिस्कॉसिटी (जाडी) १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक्स असते. इंजिन ऑइलचा ४० असतो १२.५ ते १६.३, आणि ५० असतो १६.३ ते २१.९. म्हणजे गिअरचं ९० आणि इंजिनचं ४०-५० जाडीने जवळपास सारखंच. ‘नव्वद म्हणजे डांबरासारखं घट्ट’ ही समजूत इतकी पसरली आहे की लोक घाबरून पातळ काहीतरी घालतात.

दुसरी गोष्ट जुन्या गाड्यांसाठी महत्त्वाची. २००५ मध्ये जे३०६ सुधारलं. त्याआधी ९० चा पट्टा १३.५ पासून थेट २४ पर्यंत होता. सुधारणेत त्याचा वरचा भाग कापून ११० हा नवा ग्रेड केला, १८.५ ते २४ साठी. म्हणजे जुन्या पुस्तकातलं ‘एसएई ९०’ आज दोन डब्यांवर विभागलं गेलंय, आणि आजचं ९० हे त्या जुन्या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यातलं. म्हणून डब्यावरच्या ग्रेडवर न थांबता डेटाशीटमधला १०० अंशांचा आकडा पाहायचा. मला १४ च्या काठावरचं नको होतं. १६-१७ च्या आसपासचं शोधलं.

आता जीएल. ही एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) वर्गवारी, आणि तिचा जाडीशी काहीही संबंध नाही. जीएल-४ आणि जीएल-५ मधला खरा फरक आहे एक्स्ट्रीम प्रेशर ॲडिटिव्हचा, म्हणजे गंधक-फॉस्फरसच्या रसायनांचा. जीएल-५ मध्ये ती ढोबळमानाने दुप्पट. दात एकमेकांवर जोराने दाबले जाऊन घसरतात तेव्हा ऑइलचा थर फाटतो. त्या क्षणीच्या उष्णतेने ही रसायनं लोखंडाशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर एक पातळ थर धरतात, तो स्वतः झिजतो पण दात एकमेकांना चिकटू देत नाही. क्लच झटक्याने सोडला की मागच्या ड्राइव्हवर जो धक्का बसतो, त्यासाठी हेच हवं.

जीएल-५ पितळ खातं, हे सगळीकडे ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण ते जिथलं तिथे ठेवायला हवं. क्रियाशील गंधक तांब्याच्या मिश्रधातूंवर चढतो, आणि जुन्या मोटारींच्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) रिंगांना त्याचा त्रास झालेला आहे. फायनल ड्राइव्हमध्ये सिंक्रोनायझर नसतात. आत आहेत ते पोलादी दात आणि पोलादी बेअरिंगं. शिवाय तांब्याच्या पट्टीची चाचणी, एएसटीएम डी१३०, बहुतेक डेटाशीटमध्ये दिलेली असते. पट्टी १२१ अंशांच्या ऑइलमध्ये तीन तास ठेवतात आणि काळवंडण्यावरून १ ते ४ असा दर्जा देतात, १ म्हणजे सगळ्यात कमी काळवंडलेली. मी १ पाहून घेतलं. जीएल-५ च्या धास्तीने फायनल ड्राइव्हमध्ये कमी संरक्षणाचं ऑइल घालणं मला अजिबात पटत नाही. उत्पादकाने पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. तशा गाड्याही आहेत, तिथे पुस्तकाचंच ऐकावं.

मिनरल की सिंथेटिक? ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक थंडीत फार सरस. जे३०६ प्रमाणे ७५डब्ल्यू ने उणे ४० अंशांना जाडीची जी मर्यादा पाळायची असते तीच ८०डब्ल्यू ने उणे २६ ला पाळायची असते. सिंथेटिक उष्णतेतही जास्त टिकतं. भरपूर लांबचे प्रवास करणाऱ्याने तेच घ्यावं. पण माझ्यापुढचा प्रश्न सध्या सीलचा आहे. गार असताना जास्त पातळ असणारं ऑइल घातलं आणि ते पुढे सरकलं, तर सील खराब म्हणून सरकलं की ऑइल बदललं म्हणून, हे कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणून मिनरल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५.

७५डब्ल्यू-१४० किंवा ८५डब्ल्यू-१४० घालून गळती ‘थांबवायचा’ सल्लाही मिळतो. जाड ऑइल सीलमधून हळू जाईल, हे मान्य. पण सील तसंच कडक राहणार, आणि जास्त जाड ऑइल घुसळण्यात दात-बेअरिंगं उगाच तापणार. दुखणं झाकायला ऑइल वापरू नये.

‘एलएस’ लिहिलेलं ऑइल टाळलं. त्यातला फ्रिक्शन मॉडिफायर मोटारींच्या लिमिटेड स्लिप डिफरन्शियलमधल्या क्लच प्लेटांसाठी असतो. मोटरसायकलला मागे एकच चाक, डिफरन्शियल नाही, त्याची गरजच नाही.

शाफ्टच्या नळीतही हेच ऑइल. पुस्तकही तेच सांगतं आणि शहाणपणही त्यातच आहे: सील गळकं असेल तर दोन्हीकडचं ऑइल एकमेकांत मिसळणारच, मग दोन वेगळी रसायनं कशाला?

१३ ऑक्टोबर

भरण्याआधी एक चाचणी. नळीत ओतलेल्या १५० पैकी परत किती येतं हे माहीत नसेल तर पुढचं कुठलंच मोजमाप विश्वासाचं नाही. मोठ्या सिरिंजने १५० मिली घातलं, लगेच काढलं आणि रात्रभर निथळू दिलं. आलं १४४. म्हणजे ६ मिली आत चिकटतं. हा आकडा वहीत ठळक करून ठेवला.

१४ ऑक्टोबर

वॉशर सगळे नवे. जुना तांब्याचा वॉशरच वापरायची वेळ आली तर तो लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यावा. दाबून कडक झालेला तांबा पुन्हा नीट बसत नाही. आटे फडक्याने पुसले, बोल्ट आधी बोटांनीच पूर्ण फिरवले, मग टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्यावर. ॲल्युमिनियमच्या आट्यांना ‘अजून थोडंसं’ चालत नाही.

हाउसिंगमध्ये सिरिंजला नळी लावून सावकाश भरलं. गार गिअर ऑइल खाली उतरायला वेळ घेतं. घाईने ओतलं की कडेशी दिसतं आणि पाच मिनिटांनी खाली जातं. २५० ला बरोबर कडेला लागलं. नळीत १४४ घातलं, आधीचे ६ आत आहेतच.

१९ जानेवारी २०२५

सुमारे दोन हजार किलोमीटर झाले, बहुतेक मोकळ्या रस्त्यावरचे. पुन्हा तीच पद्धत: गरम गाडी, सेंटर स्टँड, भरायचा बोल्ट आधी.

बोल्ट निघताच मागून ऑइल ओघळलं. पहिल्यासारखी धार नाही, पण ओघळ निश्चित. वाटीत धरून मोजलं: १७ मिली. नळीतून आलं १२५. यायला हवं होतं १४४, म्हणजे १९ कमी. नळीतून १९ गेले, हाउसिंगमध्ये १७ वाढले. मोजण्यातली चूक धरली तरी दोन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात.

आधीच्या मालकाने चुकीचं भरलं असेल, हा पर्याय संपला. सील ऑइल सोडतंय. रबराचं सील वर्षानुवर्षं तापून आणि उभं राहून कडक होतं, ओठ शाफ्टला नीट धरत नाही. जी गाडी वर्षानुवर्षं नुसती उभी होती तिचं सील असंच असणार.

आजचा धोका किती? हाउसिंगला नाही, तिथे ऑइल उलट जास्त आहे. धोका ड्रमला, आणि नळीतल्या दातेरी कप्लिंगला. सस्पेंशन वर-खाली होताना शाफ्टची लांबी जी बदलते ती हे कप्लिंग सांभाळतं, सतत आत-बाहेर घसरतं. त्याला ऑइल कमी पडलेलं चालणार नाही. ९२ मिलीवर ते किती दिवस चाललं असेल, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

चुंबकावर या वेळी लेप फार कमी. ड्रम कोरडा, सीलच्या कडेची ओल वाढलेली नाही.

हाउसिंग कडेच्या पातळीवर आणून ठेवलं, नळीत पुन्हा पूर्ण माप.

२ मार्च

मधला काळ गाडी मुद्दाम चालवली नाही. सेंटर स्टँडवर मागचं चाक लोंबतं, स्विंगआर्म मागे उतरता होतो आणि नळीतलं ऑइल थेट पिनियनच्या सीलवर जाऊन थांबतं. नुसतं उभं राहूनही ते पलीकडे जातंय का, हे पाहायचं होतं.

नळीतून आलं १४३. म्हणजे काहीच गेलं नाही. हाउसिंगचा बोल्ट काढला, ऑइल जिथल्या तिथे कडेला.

ऑइल सरकतंय ते गाडी चालताना, गरम असताना, पिनियन फिरत असताना. सीलचा ओठ कडक झालाय पण फाटलेला नाही, असा मी याचा अर्थ लावतोय. फाटला असता तर उभ्या गाडीतही गेलं असतं. पिनियनच्या बेअरिंगमध्ये प्ले (सैलपणा) असेल तरी असंच दिसेल, म्हणून चाक काढून ड्राइव्ह हाताने दोन्ही दिशांना फिरवून पाहिलं. बॅकलॅश (दातांमधली नेहमीची फट) जाणवतो तेवढाच, खडखड नाही, फिरवताना कुठे अडकत नाही.

निर्णय: सील बदलायचं, पण आज नाही. त्यासाठी हाउसिंग स्विंगआर्मवरून उतरवावं लागतं आणि पिनियनकडची जोडणी सोडवायला खास पाने आणि उष्णता लागते. हे काम अशा ड्राइव्हची सवय असलेल्या कारागिराकडूनच करून घेणार. पिनियनची बैठक जराशी हलली तरी दातांचा संपर्क बिघडतो. मागचा टायर तसाही या मोसमात बदलायचा आहे, तेव्हाच हाउसिंग उतरवेन. चाकाच्या बाजूचं मोठं सीलही त्याच वेळी.

तोवर हजार किलोमीटरला नळीतलं ऑइल काढून मोजायचं, पूर्ण माप भरायचं, हाउसिंग कडेला आणायचं. वहीत दोन रकाने आखले आहेत, एक नळीचा, एक हाउसिंगचा. सील बदलल्यानंतर पहिल्या हजाराला नळीतून १४४ यायला हवेत. आले तर सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० चा विचार करेन, त्याआधी नाही.